करीच्या दिवशीचा बडा खाना

जाखणवाडीची माजी सैनिक संघाची शाखा म्हणजे फार काही नव्हे. शाळेच्या मागं पत्र्याची एक खोली, आत दोन बाकं, खुंटीला एक बिगूल, तोही फुटका, आणि या सगळ्याचा अध्यक्ष आकाराम फडतरे, रिटायर सुभेदार. पण कोरेगावपासून लोणंदपर्यंत या शाखेचा दरारा होता, तो या एका माणसामुळं. कुणाची पेन्शन अडली की आकाराम साताऱ्याला जाऊन साहेबाच्या टेबलासमोर सावधान उभा राहायचा, आणि काम झाल्याशिवाय हलायचा नाही. कुणाचं पोरगं भरतीला निघालं की पहाटे त्याला माळावर जीभ बाहेर येईस्तोवर पळवायचा. असा हा गडी. आणि ह्याच गड्यानं बहात्तर सालापासून शाखेला कुलूप घालून ठेवलं होतं!

"दुस्काळ हाय," तो म्हणायचा. "मानसं मिलोच्या लाल भाकरी खात्यात, खडी फोडत्यात, आन तुमाला बडा खाना पायजे व्हय रं?"

बरं, दुष्काळ होता तोवर ठीक. पण पुढं पाऊस झाला, शाळू पिकला, दारात पुन्हा बकरी बांधली गेली, तरी ह्याचा दुष्काळ काही संपेना. खरं कारण गावाला ठाऊक होतं. पण तोंडावर बोलायची कुणाची टाप होती? सुभेदार चिडला की समोरच्याचं वय, नातं, काही बघायचा नाही.

तर जाखणवाडीचा बडा खाना कसा असायचा ते आधी सांगायला पाहिजे, त्याशिवाय ते कुलूप समजायचं नाही. पंधरा जानेवारी हा फौजेचा दिवस. आपल्याकडं तो बहुतेक संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी येतो, म्हणजे करीला. करीला मटण तर घरोघरी शिजतंच. तेव्हा शाळेच्या पटांगणात फौजी माणसांची पंगत बसायची आणि शाळेच्या वसरीवर त्यांच्या बायकांचं हळदीकुंकू व्हायचं. करीला कसलं आलंय हळदीकुंकू, म्हणून म्हाताऱ्या पहिल्या वर्षी कुरकुरल्या. पण फौजेपुढं पंचांगाचं काय चालतंय! पंगतीत वाढायचं काम सगळ्यात वरच्या हुद्द्याच्या माणसाचं. आणि पहिला घास तोंडात जायच्या आधी प्रत्येकानं एक घास पत्रावळीबाहेर काढून ठेवायचा, लढाईत गेलेल्या आपल्या जोडीदाराचा. ठेवताना त्याचं नाव परेडीवर पुकारतात तसं मोठ्यानं पुकारायचं, आणि सगळ्या पंगतीनं एका आवाजात म्हणायचं, "हाजिर!" पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहायचा.

आता आलं ना ध्यानात? आकारामाचा एकुलता एक मुलगा सयाजी एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर बेपत्ता झाला होता. त्याचं नाव कुणी घासावर पुकारावं हे आकारामाला नको होतं. पंगतच नाही तर घास नाही, आणि घास नाही तर सयाजी मेलेला नाही. असा हा सरळ हिशेब.

सरकारनं वर्षभर वाट बघितली आणि सयाजी मेला असं धरलं. आकारामानं धरलं नाही. बहात्तरच्या शेवटी पाकिस्तानातनं कैदी सुटून आले, तेव्हा तो उठून थेट अमृतसरला गेला. सरहद्दीवर थंडीत उभा राहिला आणि येईल त्या प्रत्येक पोराच्या तोंडाकडं बघत राहिला. सयाजी त्यात नव्हता. घरी आल्यावर पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडता सोडता एवढंच म्हणाला, "समदी सोडल्याली न्हाईत त्यांनी." झालं! त्या दिवसापासून घरात रडायचं नाही, सयाजीचे दिवस घालायचे नाहीत, आणि सून शालन हिनं कपाळभर कुंकू लावून हसतमुख राहायचं. दर संक्रांतीला आकाराम कासाराला घरी बोलवायचा आणि पोरीचे हात हिरव्या बांगड्यांनी भरायला लावायचा. शालनचा संसार म्हणाल तर एका रजेचा. लग्न झालं, रजा संपली, नवरा गेला, तो गेलाच.

हट्टी म्हणाल तर म्हणा. पण उगाच हट्टी नव्हता तो. आकाराम स्वतः एकदा मेलेला होता. बेचाळीसला आफ्रिकेत तोब्रूकला त्याची पलटण शत्रूच्या हाती सापडली आणि हा इटलीच्या कैदेत गेला. घरी तार आली, बेपत्ता. पुढं चिठ्ठी नाही, चपाटी नाही. चुलत्यानं थोडी वाट बघितल्यासारखं केलं आणि दिवस घातले उरकून. अंबूबाईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. दोन-अडीच वर्षांनी हा स्टेशनातनं पायी गावात आला, तर विहिरीवर पाणी शेंदणारी त्याची बायको पांढऱ्या कपाळाची! तिनं ह्याला बघितलं आणि घागर टाकून बोंबलत पळत सुटली. भूत आलं म्हणून.

"जित्या नवऱ्याची रांडाव केली माज्या बायकूला," हे आकारामानं जन्मभर सांगितलं. "माज्या घरात परत आसं व्हनार न्हाई."

असंच चाललं असतं, पण चौऱ्याहत्तरच्या दिवाळीच्या तोंडाला केरबा गेला. केरबा म्हणजे पासष्टच्या लढाईतनं एका कानानं बहिरा होऊन आलेला शिपाई. एकटा जीव. बड्या खान्यात साहेबाची नक्कल करायचा, साहेबाच्या कुत्र्याची करायचा, आणि दोन्ही एकसारखीच करायचा. लोक पोट धरधरून हसायचे. तो विहिरीत सापडला. पाय घसरला म्हणाले. पण चपला काठावर जोडीनं काढून ठेवल्या होत्या, आणि पाय घसरणारा माणूस चपला काढून घसरत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं.

केरबाला जाळून आल्यावर शाखेचा सेक्रेटरी नाथाजी कणसे अंघोळ न करताच आकारामाच्या दारात उभा राहिला. नाथाजी हवालदार होऊन परत आलेला, आकारामापेक्षा बराच लहान, एरवी लोण्याहून मऊ बोलणारा. एकाहत्तरला त्याचा धाकटा भाऊ दिनकर गेला होता. पण दिनकरच्या अस्थी आल्या होत्या, त्यामुळं त्या घरानं रडून घेतलं होतं.

"सुभेदार, खोलीची किल्ली द्या."

"कशाला?"

"बडा खाना घालायचा हाय. ह्या करीला."

"तुला सांगिटलंय न्हवं, दुस्काळ..."

"केरबा काय दुस्काळानं मेला व्हय?" नाथाजी ओरडला. "तीन वर्सं मानसं आपापल्या घरात तोंड बांदून बसल्यात, आबा. बसाया जागा न्हाई, बोलाया मानूस न्हाई. त्यो केरबा महिनाभर जेवत नव्हता म्हनं. कुनाला ठावं हुतं? तुमचा सयाजी जित्ता ऱ्हावा म्हून आमी किती जनांनी मरायचं, त्ये तरी सांगा!"

दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर आकारामानं काठी घातली असती. पण केरबा त्याच्याच कंपनीतला होता, त्यानंच भरती केलेला. आत जाऊन तो किल्ली घेऊन आला, आणि नाथाजीच्या हातावर ठेवायच्या आधी मुठीत घट्ट धरून म्हणाला, "एक आट हाय. सयाजीचं नाव निगता कामा न्हाई. घासावर तर न्हाईच न्हाई."

"न्हाई निगनार. माजी जबान."

"आन शालन हळदीकुंकवाला म्होरं बसंल. अध्यक्षाची सून हाय ती."

नाथाजीनं मान हलवली. त्याच्या स्वतःच्या घरात दिनकरची बायको रंगुबाई पांढऱ्या कपाळानं बसली होती. तिला कोण वसरीवर बसवणार होतं? तिच्या वाटणीला मसाला वाटायचं काम. ते मात्र विधवेच्या हातचं चालतं, मटण काही बाटत नाही! नाथाजी हे बोलला नाही. किल्ली घेऊन निघून गेला.

अंबूबाई मात्र बोलली. चुलीपुढं भाकरी थापता थापता, नवऱ्याकडं न बघता.

"आवं, निगालं नाव तर निगू द्या की."

"गप बस."

"तीन वर्सं गपच हाय मी. मागं तुमी गेलासा आसं सांगिटलं तवा मी रडले. छाती बडवून, मातीत लोळून रडले, म्हून तर जगले. ह्या पोरीला तुमी रडू बी देत न्हाई. सकाळी आरशाम्होरं कुंकू लावाया बसती तवा हात करंड्यावरच ऱ्हातो तिचा. कवा बघितलाय?"

"आन उद्या त्यो दारात आला म्हंजी? बायकू पांडऱ्या कपाळाची बघून काय म्हनंल त्यो?"

"म्हनंल, पुन्यांदा लाव. मी न्हाई लावलं?"

बायकोचं बोलणं वर्मी लागलं की पुरुष माणूस जे करतो तेच आकारामानं केलं. ताट सरकवलं आणि उठून गेला. शालन आतल्या खोलीत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण बाहेर आली तेव्हा तोंडावर नेहमीचं हसू होतं. त्या हसण्याची अंबूबाईला आता भीती वाटायला लागली होती.

पुढचे दोन महिने शाखा नव्यानं जिवंत झाल्यासारखी झाली, हे नाकारता येत नाही. खोलीतला कुणाचा तरी कडबा बाहेर काढला, भिंतींना चुना मारला. जी माणसं वाटेत भेटली तर मान खाली घालून जायची, ती संध्याकाळी बाकांवर येऊन बसायला लागली, भांडायला लागली, एकमेकांच्या पलटणीला नावं ठेवायला लागली. नाथाजी घरोघर जाऊन प्रत्येकाला बजावून आला, की बाबा, सयाजीचं नाव काढायचं नाही. सगळ्यांनी कबूल केलं. फलटणला, कोयनानगरला, पार तासगावापर्यंत ओळखीच्या फौजी माणसांना निरोप गेले, की जाखणवाडीचा बडा खाना पुन्हा सुरू होतोय, या. आणि इथंच चूक झाली. जाखणवाडीची आणखी एक रीत होती. पंगतीला आलेल्या फौजीला नाव-गाव विचारायचं नाही. आधी वाढायचं, मग ओळख. भुकेला शिपाई कुठल्या पलटणीचा हे विचारणारा भटारी फौजेत टिकत नाही, असं आकाराम स्वतः म्हणायचा. गावातल्या माणसांची तोंडं नाथाजीनं बांधली. पाहुण्यांची बांधायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

करीच्या दिवशी शाळेचं पटांगण शेणसडा घालून लख्ख केलं होतं. मागं चुलवणावर मटण रटरटत होतं आणि रंगुबाई पाट्यावर दुसऱ्या पंगतीचं वाटण वाटत होती. वसरीवर बायका जमल्या होत्या. शालन मधे बसली होती, हातात करंडा, नेसणीला नवं हिरवं लुगडं, आणि येईल तिच्या कपाळाला बोट लावत होती. "शालन, औंदा लय खुलली गं तू," कुणी म्हणालं. ती हसली. जवळ बसलेल्या अंबूबाईनं तोंड फिरवलं.

पंगत बसली. जुने कोट, त्यावर मेडलं, कुणाच्या डोक्याला पटका, कुणाला पलटणीची टोपी. बाहेरगावचेही बरेच आले होते. पंगतीच्या अगदी शेवटाला एक तरणा माणूस बसला होता, एक पाय ताठ पुढं पसरून. पाय लाकडाचा होता. एसटीतनं उतरला, कुणाशी बोलला नाही, कुणी त्याला विचारलं नाही. वाढायचं ते खालच्या टोकापासून, त्यामुळं आकाराम मटणाची बादली घेऊन पहिल्यांदा त्याच्याचपुढं वाकला. लाकडी पाय बघून त्यानं दोन फोडी जास्त वाढल्या.

"पोटभर जेव, गड्या," तो म्हणाला.

त्या माणसानं वर बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते. आकारामाला वाटलं, तिखटाच्या वाफेनं असेल.

सगळ्यांना वाढून झालं. आकाराम पंगतीच्या मधोमध बादली घेऊन उभा राहिला. वाढणाऱ्यानं आधी नाव घ्यायचं. त्यानं वाकून नाथाजीच्या पत्रावळीतला भात उचलला, आपल्या जोडीदाराच्या नावानं बाहेर ठेवला, ताठ झाला.

"लान्स नायक दादू शेलार!"

"हाजिर!" पंगत गरजली. तीन वर्षांनी तो आवाज गावानं ऐकला, आणि रस्त्यानं जाणारी माणसं जागच्या जागी उभी राहिली.

मग नाथाजी. "सिपाही दिनकर कणसे!"

"हाजिर!"

शाळेमागं वरवंट्याचा आवाज थांबला. पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला. नाथाजीनं मात्र हात मागं घेतला नाही. त्यानं दुसरा घास उचलला. "सिपाही केरबा पिसाळ!"

केरबा काही लढाईत गेला नव्हता. घास लढाईतल्यांचा. माणसं आकारामाकडं बघायला लागली. आकाराम त्या घासाकडं बघत होता. सगळ्यांच्या आधी त्यानंच म्हटलं, "हाजिर." मग पंगतीनं म्हटलं.

त्यानंतर काही अडलं नाही. एकामागनं एक नावं यायला लागली. कुणी ब्रह्मदेशातला, कुणी काश्मिरातला, कुणी बासष्टला बर्फात राहिलेला. नाव, हाजिर. नाव, हाजिर. ह्याची एक लय लागते हो. माणूस ऐकत नाही मग, नुसतं तोंड उघडतं. नाव पुकारलं की ओ द्यायची, हे फौज पहिल्या दिवशी शिकवते आणि मरेपर्यंत विसरू देत नाही. पंगत सरत शेवटाला आली. लाकडी पायाच्या माणसानं घास उचलला, दोन्ही हातांनी बाहेर ठेवला, आणि बसल्या जागी पाठ ताठ करून ओरडला.

"सिपाही सयाजी आकाराम फडतरे!"

"हाजिर!"

म्हणून झालं, आणि मग काय म्हटलं ते कळलं. तोंडं उघडी ती उघडीच राहिली. कुणी कुणाकडं बघेना. कारण त्या सगळ्या आवाजात सगळ्यात आधीचा आणि सगळ्यात खणखणीत आवाज बापाचा होता.

वसरीवरच्या बायका शालनकडं बघायला लागल्या.

आकाराम बादली घेऊन पंगतीच्या टोकापर्यंत चालत गेला. "कोन रं तू?"

तो माणूस काठीवर जोर देऊन उभा राहिला. "सिपाही लालासाहेब खराडे, साब. तासगावाकडचा. मी आन सयाजी एका खंदकात हुतो." आजूबाजूच्या माणसांची तोंडं बघून त्याचा आवाज खाली आला. "लवकरच याया पायजे हुतं. आदी पुण्याच्या इस्पितळात, मग ह्यो पाय, मग धीर हुईना. बडा खाना पुन्यांदा हाय म्हून कळलं, तवा म्हटलं, त्याच्या गावच्या पंगतीत त्याचा घास आपुन ठेवावा. माजं काय चुकलं का, साब?"

"घास उचल."

"साब?"

"उचल म्हन्तो न्हवं! बेपत्ता मानसाचा घास काडत न्हाईत. हुकूम हाय माजा, उचल!"

"आबा," नाथाजी मागनं कळवळून म्हणाला. आकारामानं त्याच्याकडं बघितलंही नाही.

लालासाहेब शिपाई होता. सुभेदारानं हुकूम म्हटलं की शिपायाच्या हाताला दुसरं काही सुचत नाही. लाकडी पाय वाकवता येत नव्हता, म्हणून काठी टाकून तो कसाबसा खाली बसला आणि त्यानं घास उचलला. पण उचलून ठेवायचा कुठं? मेलेल्याच्या नावाचा घास परत पत्रावळीत घालत नाहीत, तोंडात तर नाहीच. तो तसाच हातात धरून बसला. रस्सा त्याच्या मनगटावरनं कोटाच्या बाहीत उतरत होता.

तेवढ्यात शालन वसरीच्या पायऱ्या उतरून आली. बापे माणसांच्या पंगतीतनं, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला. हातात करंडा तसाच होता. माणसांनी माना खाली घातल्या. मागनं अंबूबाई धावत आली, पण तिनं सुनेला अडवलं नाही. शालन लालासाहेबासमोर मातीत बसली.

"कवा?" तिनं विचारलं.

"वैनी..."

"कवा म्हन्ते मी. दिवसा का राती?"

"रातीचं. लडाई पेटून दोन रोज झालं हुतं. चांद नुक्ताच वर आल्ता."

"उशिरा उगवल्याला चांद?"

"व्हय. जेवनं झाल्यावर. त्या उजेडातच आमी त्यास्नी दिसलो."

शालननं डोळे मिटले. "संकष्टी हुती," ती म्हणाली. "त्येंच्यापायीच धरली हुती मी. चांद वर येईस्तोवर दारात हुबी हुते. आला, तवा हात जोडलं, आन उपास सोडला. आत्याबाईंनी भात वाढला. मी जेवले."

अंबूबाईनं पदर तोंडात कोंबला.

"खोटं हाय समदं!" आकाराम ओरडला. "आंदारात ह्याला काय दिसलं आसंल? ह्याचा पाय तुटला, ह्यो बेसुद पडला, ह्याला काय ठावं? मला बी मेला म्हनली हुती लोकं! मी न्हाई आलो? सांगा की रं, मी न्हाई आलो?"

"साब, त्यो माज्या मांडीवरच..." लालासाहेबानं मोकळ्या हातानं मांडी दाखवली. "मी सायबाला सांगिटलं हुतं. लिवून घेतलं हुतं त्येनी. आमास्नी मागं हटाया लागलं, त्याला आनता आला न्हाई, म्हून कागदावर बेपत्ता धरला आसंल. मला वाटलं, तुमाला समदं कळलं आसंल."

"खोटं!"

"मामंजी," शालन म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं. आता बघितलं. "मग तुमी हाजिर का म्हनला?"

"त्ये... त्ये तोंडातनं गेलं."

"मी वसरीवर हुते. तुमचा आवाज वळखते मी. सगळ्यांच्या आदी तुमी म्हनला."

आकारामानं बादलीची कडी दोन्ही हातांनी धरली.

शालननं करंडा खाली ठेवला आणि लालासाहेबापुढं तळवा पसरला. त्यानं एकदा सुभेदाराकडं बघितलं. मग हुकूम मोडला. त्यानं घास तिच्या हातावर दिला. तिनं तो पत्रावळीबाहेर, आधी होता त्याच जागी नीट ठेवला. नवऱ्याचं नाव काही तिनं घेतलं नाही. ओठ तेवढे हलले.

आणि मग ती रडली. रडली म्हणजे काय सांगू! तीन वर्षं दाबून धरलेलं ते, त्याला का शब्द असतात? मातीवर दोन्ही हात आपटत होती, बांगड्या फुटत होत्या, काचा रुतून हातातनं रक्त येत होतं, आणि तिच्या घशातनं जो आवाज येत होता तो ऐकून शाळेमागनं रंगुबाई मसाल्याच्या हातानंच पळत आली आणि तिनं तिला मिठीत घेतलं. विधवेनं सवाष्णीला असं कवटाळू नये, करीचा दिवस, हळदीकुंकू चाललंय, हे कुणाच्या मनातही आलं नाही. एक म्हातारी तेवढी रीत आठवून पुढं झाली आणि शालनच्या कपाळाकडं हात नेला. अंबूबाईनं तो हात फाडकन खाली मारला.

"खबरदार हात लावशीला! पुसायचं का ठेवायचं, तिचं ती बघंल. आदी रडू द्या तिला. माज्या लेकाला आजपातूर कुनी रडल्यालं न्हाई."

आणि एवढं बोलून तीही खाली बसली आणि सुनेच्या पाठीवर डोकं टेकून रडायला लागली.

आकाराम उभाच होता. मग त्यानं बादली खाली ठेवली. पंगतीत वाढणारा सगळ्यांचं जेवण होईपर्यंत बसत नाही, पण तो बसला, लालासाहेबाच्या शेजारी, मातीत. मग अगदी हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "लय येळ हुता का रं, जीव जाया?"

"न्हाई साब."

"आन नाव काडलं का त्यानं कुनाचं? आयचं? हिचं?" आणि मग, "माजं?"

लालासाहेबाला खोटं बोलता आलं असतं. वाटेत एसटीत त्यानं ठरवलंही होतं, बापानं विचारलंच तर असं असं सांगायचं. पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून त्याच्यानं खोटं बोलवलं नाही.

"न्हाई साब. कुनाचंच न्हाई. तेवडा बी येळ गावला न्हाई त्याला."

आकारामानं मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला. "लय हाल झालं न्हाईत." मग पुन्हा म्हणाला, "बरं झालं." आणि तिसऱ्यांदा म्हणायला गेला, तर ते त्याला जमलं नाही. परेडीत चारशे माणसांना एका आवाजात हलवणारा तो सुभेदार त्या लंगड्या शिपायाच्या खांद्यावर कपाळ टेकून रडला, आणि पंगतीतल्या एकाही माणसाला वर बघवलं नाही. पत्रावळीतलं मटण गार होऊन त्यावर तेल थिजलं. उठलं मात्र कुणी नाही.